नॉर्वेच्या बायका आणि माझं गवत

निखिलला मी हलकंफुलकं काहीतरी लिहून देणार होतो. निखिल इथे नेदरलँड्समध्येच, ब्रेडाला, एका कंपनीत संगणकाचं काम करतो आणि उरलेल्या वेळात आपल्या मंडळाचा दिवाळी अंक काढतो. फोनवर म्हणाला, "काका, सगळे व्हिसा आणि थंडी यावरच लिहितात. तुम्ही गवतावर लिहा. उभा जन्म तुम्ही डच लोकांचं गवत कापलंत. असा माणूस आपल्यात दुसरा नाही."

हे खरं आहे. मी इथे आलो तोही उलट्या वाटेनं. कुमुद, माझी बायको, नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलनं नोकरी दिली आणि तिचा नवरा म्हणून माझा व्हिसा झाला. आज फेल्डहोवनला ज्या मुली नवऱ्याच्या नोकरीपायी येतात आणि पहिला हिवाळा खिडकीत बसून रडतात, त्यांना मी सांगतो, बायांनो, तुमचा मूळपुरुष मी. माझ्याजवळ शेतकीची पदवी होती आणि कोल्हापूरला एका जिमखान्यावर क्रिकेटचं मैदान सांभाळल्याचा अनुभव. इथे आधी काचघरात टोमॅटो तोडले, मग गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बागखात्यात लागलो, आणि शेवटी फेल्डहोवनबाहेरच्या एका गावात फुटबॉल क्लबची मैदानं माझ्याकडे आली. निवृत्त झाल्यावरही मी ती सोडली नाहीत. इथले क्लब फुकट राबणाऱ्या म्हाताऱ्यांवर चालतात. माझं नाव वसंत. त्याचं त्यांनी "वास" करून टाकलं.

मैदान राखणं म्हणजे गवत कापणं, असं लोकांना वाटतं. कापणं हा सगळ्यात सोपा भाग. या देशात पाणी वरून येतं आणि खालूनही येतं. जमीन घट्ट झाली की पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. म्हणून यंत्रानं जमिनीला भोकं पाडायची, त्यात वाळू भरायची. गवतावर दहिवर गोठलेलं असताना कुणी चालत गेलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पावलांचे काळे ठसे उमटतात आणि ते कित्येक दिवस जात नाहीत. गोलसमोरची जागा सगळ्यात आधी मरते, कारण गोलकीपर तिथेच नाचत असतो.

आणि या सगळ्याच्या वर एक अधिकार. सामन्याच्या दिवशी सकाळी मैदान पास की नापास, हे मी सांगायचं. बुटाची टाच जमिनीत दाबायची. भोवती पाणी वर आलं तर नापास. छातीच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. थपकन बसला तर नापास. मग फाटकावर लाल पाटी लावायची. ती लागली की अध्यक्ष असो की पंच, माघारी. माझ्याशी कुणी वाद घालत नसे, कारण वाद घालण्याइतकं गवत कुणाला कळत नसे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एक प्रशिक्षक दर मोसमात कानाशी लागायचा, "वास, रविवारी जरा उंच ठेव ना. त्यांची पोरं फार पळतात." एका गृहस्थानं वडिलांची राख आणली होती. पेनल्टीच्या ठिपक्यावर टाकायची, वडिलांची तशी इच्छा होती. मी म्हटलं, "राखेनं गवत जळतं."

तो म्हणाला, "तुम्ही हिंदू ना? तुम्हाला हे समजायला हवं."

मी म्हटलं, "आमच्याकडे नदीत सोडतात. नदीवर फुटबॉल खेळत नाहीत."

शेवटी गोलच्या मागे, जाळीपलीकडे जागा दिली. अजून दर वर्षी तो तिथे येऊन एक बिअर ओततो. बिअरनंही गवत जळतं, पण तेवढं मी चालवून घेतो.

अशा गोष्टी मी निखिलला देणार होतो. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की मैदानाबद्दल खरं बोलायचं तर मला टुरिडबद्दल बोलावं लागेल.

आधी मुलींबद्दल. आमच्या क्लबात बायकांचा संघ सुरू झाला तो थट्टेतून. गावच्या जत्रेत पुरुषांनी गंमत म्हणून बायकांचा सामना ठेवला, आणि हसणं संपल्यावरही बायका खेळतच राहिल्या. त्यांना मिळे कडेचं तिसरं मैदान, जिथे सशांची बिळं होती. पहिलं मैदान पुरुषांच्या पहिल्या संघाचं. त्यावर इतर कुणी पाय ठेवायचा नाही, असा अलिखित कायदा. एका रविवारी पुरुष बाहेरगावी खेळायला गेले असताना मी कुणाला न विचारता पहिल्या मैदानावर बायकांसाठी रेषा आखल्या. त्या आल्या, थबकल्या. कप्तान म्हणाली, "वास, चूक झाली का?"

मी म्हटलं, "चूक आजवर होत होती."

कमिटीनं मला बोलावून झापलं. बायकांनी माझ्यासाठी चेरीचा फ्लाय आणला, इथला पसरट, फळं भरलेला केक. त्या दिवसापासून मी त्यांचा "ओम वास" झालो. ओम म्हणजे काका. मोजा फाटला की ओम वास, बॉयफ्रेंडशी भांडण झालं की ओम वास. मैदान माझं होतं आणि त्या मुलीही माझ्या होत्या, असं मी धरून चाललो. ते कितीतरी वर्षं तसंच होतं.

मग टुरिड आली. मूळची नॉर्वेची, नवरा डच. तिकडची शाळेतली नोकरी संपवून दोघं नवऱ्याच्या गावी राहायला आली आणि आमच्या क्लबनं तिला बायकांच्या संघाची प्रशिक्षक केलं. उंच, हाडापेरानं रुंद, पांढरे केस मुलासारखे कापलेले. पहिल्या दिवशी तिनं काय केलं, तर बूट-मोजे काढले आणि पहिल्या मैदानावर अनवाणी चालत मध्यापर्यंत गेली. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ती वळून म्हणाली, "मी अर्धं आयुष्य फुटबॉल खेळले, पण असल्या गवतावर एकदाही नाही. हे कोणी केलं?"

असं मला त्याआधी कुणीच विचारलं नव्हतं. मी विरघळलो. तिला चहा पाजला. तिनं आपल्या क्लबची हकिकत सांगितली.

फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या, काठी एक लहान गाव. मासे साफ करून डब्यात भरायच्या कारखान्यातल्या मुलींनी संघ काढला. पुरुषांच्या क्लबचा चिटणीस हसला आणि त्यांना धक्क्याजवळचं खडीचं मैदान दाखवलं. बारीक खडी. पडलं की गुडघ्यात घुसायची. सामन्यानंतर गोलकीपर ब्योर्गच्या घरी सगळ्या रांगेनं बसायच्या आणि ब्योर्गची आई उकळलेल्या चिमट्यानं एकेकीचे खडे काढायची. कपडे बदलायला होड्या ठेवायची शेड. चेंडू समुद्रात गेला की ब्योर्ग वल्हं मारत जायची. अंगाला माशांचा वास येतो म्हणून दुसऱ्या गावच्या मुली हात मिळवायच्या नाहीत, मग या मुद्दाम मिठी मारायच्या. गावात गवताचं मैदानही होतं, पुरुषांचं. या दर उन्हाळ्यात मागायच्या, आणि तिथला मैदानवाला दर उन्हाळ्यात तेच सांगायचा, "गवताला विश्रांती हवी आहे." त्याच संध्याकाळी पुरुष त्यावर खेळायचे. पुढे जग बदललं, तो क्लब मोठा झाला, तिथल्या मुलींना गवत मिळालं. तोवर टुरिड आणि तिच्या मैत्रिणींची लग्नं, बाळंतपणं होऊन खेळ सुटला होता.

तो चहा होईपर्यंत टुरिड मला आवडत होती. नंतर हळूहळू सगळं तिच्याकडे जाऊ लागलं.

मुली आता मोजा फाटला की टुरिडकडे जायच्या. ते मी एक वेळ सोसलं असतं. पण माझ्या उभ्या नोकरीत जी कुमुद "बाई गं, केवढा वारा" म्हणून मैदानाचं तोंड पाहायला आली नाही, ती आता दर रविवारी थर्मास घेऊन टुरिडशेजारी बाकावर. दोघींचं डच मोडकं, दोन वेगळ्या दिशांनी मोडलेलं, आणि तरी त्या हसत असायच्या. मी गवत कापायच्या यंत्रावर बसून लांबून बघायचो. यंत्राच्या आवाजात हसू ऐकू येत नाही, नुसते दात दिसतात.

एकदा घरी मी म्हटलं, "एवढं काय बोलता गं तुम्ही?"

"काही नाही. ती विचारते, मी सांगते."

"मी नाही बोलत तुझ्याशी?"

"बोलता की. तुम्ही मला गवत सांगता," कुमुद म्हणाली. "मी कशी आहे ते ती विचारते."

आणि सई. आमची नात, मुलीची मुलगी, पलीकडच्याच रस्त्यावर राहते. मराठी सगळं समजतं, उत्तर डचमध्ये. तिला गोलकीपर व्हायचं होतं आणि टुरिड तिला शिकवत होती. मी सईला कितीदा म्हटलं, एक वाक्य, एकच वाक्य आबाशी मराठीत बोल. हसून निघून जायची. मग ज्या हिवाळ्यानंतर महामारी आली, त्या हिवाळ्यात टुरिडनं ठरवलं की नॉर्वेतल्या आपल्या जुन्या मैत्रिणींना इथे बोलवायचं. सगळ्या साठीच्या पुढच्या. मार्चच्या पहिल्या रविवारी आमच्या पहिल्या मैदानावर, आमच्या जुन्या खेळाडूंशी एक मैत्रीचा सामना. मीच हो म्हटलं होतं. पुरुष त्या दिवशी बाहेरगावी होते.

तयारीसाठी एका दुपारी क्लबच्या कँटीनमध्ये सगळे जमलो. सईनं उभी राहून स्वागताचं भाषण म्हणून दाखवलं. नॉर्वेजियनमध्ये. टुरिडसाठी पाठ केलेलं, एकही अडखळ नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी टुरिडला त्या जुन्या मैदानवाल्याची गोष्ट सांगायला लावली. तिनं त्याची नक्कल केली, खांदे पाडून, ओठ मुडपून: "गवताला विश्रांती हवी आहे!" कँटीन हसून लोळत होतं. आणि कुमुद, डोळे पुसत, माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आमचेही तसेच! गवत आजारी पडलं की आमच्या घरी दुखवटा!"

टुरिड सगळ्यात जास्त हसली. मीही हसलो.

फेब्रुवारीत पाठोपाठ वादळं आली. मैदान दोन-तीन वेळा तुडुंब झालं. पण मी शरदात मन लावून भोकं पाडली होती, वाळू भरली होती, आणि वारंही सुटलं. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात मी सकाळी मैदानावर गेलो. टाच दाबली. कोरडी. चेंडू सोडला. उसळला. हिवाळ्याच्या मानानं इतकं चांगलं मैदान मी क्वचित पाहिलं होतं.

तेवढ्यात टुरिड आली. तिच्या हातात याद्या, डोळ्यांत पाहुण्यांची लगबग. "वास, सांग, कसं आहे?"

मी म्हटलं, "नाही होणार."

"काय?"

"वरून बरं दिसतंय. खाली मुळं भिजलेली आहेत. आत्ता खेळलात तर वर्षभर भरून येणार नाही. विश्रांती हवी आहे त्याला."

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले. तिलाही आले असतील, ती माझ्याकडे बघत राहिली. पण मी नक्कल करत नव्हतो, मी गंभीर होतो, आणि माझ्या शब्दावर त्या क्लबात कुणी शंका घेतलेली नव्हती. इथे एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. मैदान आठवडाभर आधी नापास करताच येत नाही. ते त्याच सकाळी करायचं असतं, कारण या देशात दोन दिवसांच्या वाऱ्यानं तळं सुकतं. धंद्यातल्या कुणीही हे ओळखून मला तिथेच पकडलं असतं. धंद्यातला तिथे मी एकटाच होतो.

ऐकून तिथे आलेला अध्यक्ष पीट म्हणाला, प्लास्टिकच्या गवतावर खेळवू. टुरिड म्हणाली, "त्या बायका प्लास्टिकसाठी येत नाहीयेत." मग माझ्याकडे वळली. "मग कधी?"

"मे महिन्यात. मेमध्ये गवत बघ कसं असतं."

"मेपर्यंत सगळ्या येऊ शकतीलच असं नाही, वास."

मला वाटलं, म्हातारपणाचा विनोद करते आहे. मी म्हटलं, "चांगल्या गवतासाठी थांबायला हवं." तिनं तिथेच गोलच्या खांबाला टेकून नॉर्वेला फोन लावला. तिची भाषा मला कळत नाही, पण पलीकडचीला समजावते आहे हे कळत होतं. मी लाल पाटी आणायला शेडमध्ये गेलो. मनात अगदी शांत वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कार्निव्हलचा उत्सव संपला आणि आमच्या ब्राबांट प्रांतात माणसं आजारी पडू लागली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खेळ बंद, कँटीन बंद, शाळा बंद. कुमुदच्या जुन्या हॉस्पिटलातून बातम्या यायच्या त्या ऐकवत नव्हत्या. आणि एका सकाळी पीट आमच्या दारात. फुलांचा गुच्छ उंबऱ्यावर ठेवला, मागे सरकून फुटपाथवर उभा राहिला आणि तिथून ओरडला, "वास, तू त्या बायकांना वाचवलंस! त्या आठवड्यात त्या इथे आल्या असत्या तर? ब्राबांटमध्ये! त्या वयाच्या!"

मी म्हटलं, "मी फक्त गवत बघितलं."

"तेच तर! तुझं नाक!"

मी पुढे काही बोललो नाही. क्लबच्या वेबसाइटवर बायकांच्या संघाचा इतिहास आहे. त्यात पीटनं एक परिच्छेद घातला: आमच्या मैदानरक्षकाच्या दूरदृष्टीमुळे नॉर्वेच्या पाहुण्या संकटातून वाचल्या. सईनं तो वाचून माझ्या गालाचा पापा घेतला, तोंडावरचा मास्क न काढता. कुमुद सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगत होती, "यांना काहीतरी आतून जाणवतं बघा." त्या उन्हाळ्यात माझी बायको माझ्यावर खूश होती. मी ते अंगावर घेऊन हिंडलो.

मैदानावर मला एकट्याला जायची परवानगी होती. गवत वाढायचं थांबत नाही. त्या मेमध्ये पहिलं मैदान असं झालं, की मला स्वतःला त्यावर पाय ठेववेना. गोलसमोर पहिल्यांदाच सलग हिरवं. एक ठसा नाही, एक ओरखडा नाही. रोज कापून, पट्टे पाडून मी कडेला बाकावर बसायचो. जे मला आतून हवं होतं, ते मिळालं होतं: माझं मैदान, आणि त्यावर कुणी नाही. तिथे बसून मला जे वाटायचं त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. पहिल्यांदा लहान मुलांना खेळायला सोडलं त्या दिवशी त्यांचा कालवा ऐकून मी शेडमध्ये जाऊन रडलो, एवढं सांगतो.

शरदात ब्योर्ग गेली. करोनानं नाही. तिला कॅन्सर होता आणि तो आदल्या हिवाळ्यातच समजला होता. म्हणून मार्च. हे टुरिडनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ब्योर्गनं तशी तंबी दिली होती; तिला कीव नको होती, सामना हवा होता. प्रवास शक्य नव्हता. अंत्यविधी टुरिडनं लॅपटॉपवर पाहिला, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून. तिचा नवरा खोकत होता म्हणून वेगळ्या खोलीत बंद होता आणि एकटीनं बघायचं तिच्या जिवावर आलं होतं. कुमुदनं सगळे नियम बाजूला ठेवून तिचा हात हातात घेतला.

मी चहा करत होतो. आणि खरं तेच सांगायला बसलो आहे म्हणून हेही सांगतो: त्या वेळीही, पडद्यावर शवपेटी असताना, मला त्या धरलेल्या हाताचा मत्सर वाटला.

निघताना टुरिड दारात थांबली. "वास, ब्योर्गनं तुला निरोप दिला होता. शेवटच्या फोनवर. म्हणाली, त्या गवतवाल्या माणसाला माझे आभार सांग. त्यानं आम्हाला घरी ठेवलं."

मी मान हलवली.

त्या आल्या असत्या तर कदाचित खरंच एखादी आजारी पडली असती. कदाचित काहीच झालं नसतं आणि ब्योर्ग गवतावर खेळून घरी गेली असती. हे मी दोन वर्षं उलटसुलट करून पाहिलं. पण मी त्यांना वाचवायला नापास केलं नव्हतं. माझी बायको दुसऱ्या कुणाशी हसते म्हणून नापास केलं होतं.

इथवर लिहून झालं होतं. निर्बंध उठले होते, आणि उरलेल्या नॉर्वेच्या बायका एकदाच्या यायच्या होत्या, याच सप्टेंबरात. कुमुद मेथी निवडत होती. म्हणाली, "लेख कुठवर आलाय? गवताचाच ना?"

मी तिला सगळं सांगितलं.  जुड्या संपल्या, तिनं देठ कागदात गुंडाळले.

"आणि हे तुम्ही दिवाळी अंकात लिहिणार?"

"हो. मोकळं व्हायचंय."

"मराठीत?"

"मग?"

"टुरिडला मराठी येतं का हो?" कुमुद म्हणाली. "ज्यांच्यापाशी बोलायचं त्यांना वाचता येऊ नये अशा भाषेत मोकळे होताय. छान आहे." मग देठांचा कागद घेऊन उठली. दारातून मागे न बघता म्हणाली, "दोन वर्षं मी तुमच्याकडे बघून खूश होत होते. तेही परत घ्यायला हवं मला आता."

सामन्याच्या आदल्या दिवशी मी मैदानावर रेषा मारत होतो. टुरिड जाळी बांधायला आली. मी यंत्र बंद केलं आणि सांगितलं. मैदान कोरडं होतं. मे महिना मी उगाच सांगितला. मुळं भिजली नव्हती.

तिनं एकच विचारलं, "का?"

"कुमुद तुझ्याशेजारी हसते. सई तुझ्यासाठी तुझी भाषा शिकली."

 मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "तू बाकावर येऊन बसायचं होतंस, वास. जागा होती." मग जाळीची गाठ मारली, ओढून पाहिली. "उद्या त्यांना सांग. मी सांगणार नाही. मी फक्त भाषांतर करीन."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्या सगळ्या होत्या. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या कानात यंत्र, अंगात जुन्या क्लबच्या रंगाचे नवे शर्ट. पीट कॉफीचा कप हातात घेऊन उभा राहिला आणि माझ्या दूरदृष्टीवर बोलू लागला. मी उठून त्याला म्हटलं, "पीट, बस." आणि उभ्यानंच सांगितलं. वाक्य संपलं की टुरिड ते नॉर्वेजियनमध्ये सांगायची, सपाट आवाजात, एक शब्द न गाळता. सई समोर बसली होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

 मग कोपऱ्यातली एक ठेंगणी बाई, गेर्ड नाव, त्यांची बचावफळीतली, हिनं काहीतरी विचारलं. टुरिडनं माझ्याकडे वळून सांगितलं, "ती विचारते, त्या दिवशी गवत कसं होतं?"

मी म्हटलं, "चांगलं होतं."

गेर्डनं मान हलवली. तेवढं पुरे नव्हतं.

मग मी सांगितलं. आखूड होतं, पण दाट. फेब्रुवारी असून रंग होता. टाच रुतत नव्हती, पण खाली मऊ होतं. पडलं असतं कुणी तर लागलं नसतं. इथे टुरिड थांबली. तिनं तोंड खिडकीकडे केलं आणि पुढचं भाषांतर झालं नाही.

गेर्ड मोडक्या इंग्रजीत स्वतःच बोलली. ब्योर्ग खडीवर कधी झेप घेत नसे. सगळे गोल ती उभ्यानं अडवायची. त्या जानेवारीत, उपचार चालू असताना, तिनं झोपायच्या खोलीतली गादी जमिनीवर काढली आणि त्यावर झेप घ्यायचा सराव करू लागली. मुलगी रागवायची. "गवतावर जायचंय," ब्योर्ग म्हणायची, "झेप घेता यायला हवी."

एवढं सांगून गेर्ड उठली, बुटांच्या नाड्या तपासल्या, आणि सगळ्या बाहेर पडल्या. माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवला नाही. शिवीही दिली नाही.

त्यांनी गोलकीपर आणली नव्हती. आळीपाळीनं एकेक जण गोलमध्ये उभी राहिली. आणि प्रत्येकीनं झेप घेतली. चेंडू जवळ असो, लांब असो, एखादीच्या बाबतीत तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असो. सत्तरीच्या घरातल्या बायका आडव्या होत होत्या, हसत, कण्हत, गवताचे ढलपे उडवत. उठायला मैत्रीण हात द्यायची, मग पुढची उभी राहायची. सईसुद्धा दोनदा त्यांच्याबरोबर पडली. बाकावर कुमुद आणि टुरिड होत्या. मी रेषेच्या बाहेर उभा होतो. बाकावर जागा होती. त्या दिवशी मला तिथे बसता आलं नाही.

पीटनं वेबसाइटवरचा परिच्छेद अजून बदललेला नाही. म्हणतो, छान गोष्ट आहे, राहू दे. म्हणून हे इथे. टुरिड मला भेटली की "नमस्कार" म्हणते, थांबत नाही. कुमुद सध्या जेवताना कमी बोलते, पण परवा तिनं विचारलं, "आज कसे आहात?" आणि मी उत्तर देईपर्यंत थांबली.

गोलसमोर माती उघडी पडली आहे. खड्डे आहेत, कोपरांचे, गुडघ्यांचे. बी पेरायचे हेच दिवस. पुरुषांच्या संघाचा प्रशिक्षक रोज विचारतो, "वास, हे कधी बुजवणार?" मी त्याला सांगतो, आत्ता नाही.